शीर्षकातून गळालेले चार शब्द

नवरात्राची तिसरी माळ. सकाळी पावणेसातला आम्ही रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुलाजवळ खाडीत उतरलो, तेव्हा माझ्या पिशवीत एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीचा अडीच पानी संशोधन आराखडा होता. तो विभागात जमा करायला चार दिवस उरले होते. शीर्षक असं: ‘भाट्ये खाडीतील तिसऱ्यांच्या संख्येत अतिउपशामुळे झालेली घट : जडधातूंच्या संदर्भासह ऋतुमानानुसार अभ्यास’. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या वाळूत सापडणारे, खायचे शिंपले. शीर्षक भारदस्त होतं. खाली उद्दिष्टं सात. पद्धतीला मात्र सहाच ओळी, त्यातल्या दोन ओळींत ‘योग्य त्या प्रमाणित पद्धतीने’ हेच शब्द.

आराखडा जमा करण्याआधी जागेवर एक सुकती, म्हणजे ओहोटीचं पाणी पुरतं उतरतं ती वेळ, काढायची, ही माझी अट असते. घरी बसून लिहिलेल्या आराखड्यात वेळ, पाणी आणि माणसं हे तीन आकडे नसतात.

वेळ काढायची रीत खाडीकाठच्या कुणालाही विचारली तर कळते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन. सुकती त्याच्या सहा तास अलीकडे, म्हणजे सव्वाआठच्या सुमाराला. हा हिशेब ढोबळ आहे. ताळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी करायचा. पण कोष्टकातली वेळ बंदरावरची असते आणि खाडीत आत पाणी उशिरा ओसरतं. त्या दिवशी कोष्टकातली वेळ टळून गेली तरी पाणी उतरतच होतं. आम्ही चिखलात एक काठी रोवली आणि तिच्यावर दर पंधरा मिनिटांनी खडूने खूण केली. आपल्या जागेचा उशीर असा एकदा मोजून ठेवला की पुढच्या सगळ्या फेऱ्यांना तो धरता येतो. दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या खोल नसतात, हेही कोष्टकात बघून घ्यायचं. नाहीतर माणूस नेमका उथळ सुकतीला जातो आणि खालची रेव, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा उंचवटा, उघडीच पडत नाही.

पहिला शब्द पाण्यात पाय घालायच्या आधीच गेला. तिच्या हातात वेळ होता ऑक्टोबर ते मार्च. कोकणच्या खाडीचं वर्ष पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असं तीन भागांत मोजतात. काजळी नदीला पूर आला की खाडीचा खारेपणा एकदम खाली येतो. शिंपल्यांच्या दृष्टीने वर्षातली सगळ्यांत मोठी उलथापालथ तीच, आणि तीच तिच्या वेळापत्रकात नव्हती. पावसाळा सोडून ‘ऋतुमानानुसार’ म्हणणं म्हणजे मधलं पान फाडून गोष्ट सांगणं. तिने तिथेच पेनने तो शब्द खोडला. वाईट वाटलेलं दिसत होतं.

मग चौकटी. लोहाराकडून सळीची 25 × 25 सेंटिमीटरची चौकट करून घेतली होती. अशा सोळा चौकटी म्हणजे एक चौरस मीटर, त्यामुळे मोजणीला सोळाने गुणलं की झालं. चौकट दाबायची, आतली वाळू 15 सेंटिमीटर खोल काढायची, बादलीत घ्यायची आणि 5 मिलिमीटरच्या जाळीवर खाडीच्याच पाण्याने चाळायची. आराखड्यात 1 मिलिमीटरची जाळी लिहिली होती. ती आम्ही नेली होती, आणि पहिल्याच बादलीला बारीक चिखल आणि शंखांच्या चुऱ्याने बुजली. एका चौकटीला पाऊण तास लागला असता. 5 मिलिमीटरच्या जाळीतून अगदी लहान पिल्लं गळतात, हे खरं. ते लपवायचं नसतं. ‘5 मिलिमीटरपेक्षा लहान तिसऱ्या या अभ्यासात मोजलेल्या नाहीत’ असं वाक्य आराखड्यातच घालायचं, म्हणजे तोंडी परीक्षेत कुणी विचारलं तर घाम फुटत नाही.

ती पहिली चौकट टाकायला निघाली ती थेट वाळूवर भोकं दिसत होती तिथे. इथे बहुतेक सगळे चुकतात. भोकं दिसतात तिथे तिसऱ्या असतातच. तिथेच चौकट टाकली तर सरासरी खाडीची येत नाही, आपल्या नजरेची येते. म्हणून किनाऱ्याला समांतर 50 मीटरची नायलॉनची दोरी ताणली. चौकट दोरीवर किती मीटरवर टाकायची, ते आकडे तिच्या मोबाइलवर आदल्या रात्रीच यादृच्छिक काढून वहीत लिहिले होते. आकडा आला तिथे टाकायची, मग तिथे डबकं असो की नुसता चिखल.

खाजणाच्या बाजूला, वरच्या चिखलट पट्ट्यात सहा चौकटी टाकल्या: 0, 0, 3, 1, 0, 2. पाणी उतरल्यावर खालच्या रेतीच्या पट्ट्यात चार: 14, 22, 6, 12. माझ्या मते सबंध दिवसाचं मोल या दहा आकड्यांत होतं, म्हणून त्यांचा हिशेब सविस्तर देते.

दहाही आकडे एकत्र धरले तर सरासरी 6 आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) साधारण 7.6. म्हणजे विचलन सरासरीहून मोठं. तिसऱ्या पसरून नाहीत, घोळक्याने आहेत. किती चौकटी लागतील हे काढायला विचलनाला 1.96ने (95 टक्के खात्रीसाठीचा ठरलेला गुणक) गुणायचं, आपल्याला चालेल एवढ्या चुकीने भागायचं आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा. सरासरीच्या 30 टक्के चूक चालवून घेतली, तर चूक 1.8 धरून 68 चौकटी येतात. 20 टक्के म्हटलं तर 153. आराखड्यात लिहिलं होतं ‘दर महिन्याला 5 नमुने’. का पाच? ‘मागच्या वर्षीच्या प्रबंधात पाच होते, मॅडम.’

आता नुसता खालचा पट्टा घेतला तर सरासरी 13.5, विचलन 6.6, आणि त्याच 30 टक्क्यांसाठी 11 चौकटी पुरतात. चार आकड्यांवरून काढलेल्या विचलनावर फार विसंबू नये, म्हणून 15 धरल्या. एका पट्ट्यातली मोजणी दुसऱ्यात मिसळल्यामुळेच 68 येत होत्या. वरचा पट्टा अभ्यासातून काढला आणि काम एकचतुर्थांशाच्याही खाली आलं.

आता घड्याळ. दोन माणसांना एका चौकटीला सरासरी 12 मिनिटं लागली. खालचा पट्टा पायाखाली राहिला जेमतेम दीड तास. म्हणजे एका सुकतीत सात चौकटी, फार तर आठ. पंधरासाठी लागोपाठ दोन दिवस हवेत. ‘दर महिन्याला दोन दिवस, प्रत्येक दिवशी दोन माणसं’ ही ओळ आराखड्यात आल्याबरोबर सोबतीला कोण येणार, हाही प्रश्न आपोआप आला. एकटीने खाडीत उतरायचं नाही, यावर मी हटून बसते. भरती लागली की मागची वाट आधी भरते आणि समोरची रेव नंतर, त्यामुळे मोजण्याच्या नादात असलेल्या माणसाला ते कळत नाही.

आठ वाजेपर्यंत खालच्या पट्ट्यात आमच्याबरोबर सात-आठ बायका होत्या. पाट्या कमरेशी, हाताने आणि पायाने चाचपून तिसऱ्या काढणं चाललं होतं. त्यांतल्या एका काकींनी चौकटीकडे बघत विचारलं, ‘काय मोजतेस गो?’

‘तिसऱ्या, काकी. कमी का झाल्या ते बघायचंय.’

‘कमी? औंदा रेवच तिकडनं इकडं आली. गेल्या साली हितं गुडघाभर पानी होतं.’

आम्ही उभ्या होतो ती रेव वर्षभरापूर्वी तिथे नव्हती. ‘अतिउपशामुळे’ हा शब्द त्या वाक्यात बुडाला. उपशाचा परिणाम दाखवायचा तर उपसा होत नाही अशी तशीच दुसरी रेव शेजारी लागते. ती भाट्यात आम्हाला दिसली नाही. शिवाय रेव सरकते, पुरात गोडं पाणी येतं, पिल्लं कधी बसतात कधी बसत नाहीत. सहा महिन्यांत यांतलं एक कारण सुटं करता येत नाही.

काकींकडून त्याहून मोठी गोष्ट मिळाली. आम्ही मोजत होतो त्याच सुकतीला, त्याच पट्ट्यात त्या काढत होत्या. म्हणजे आमच्या चौकटीत पडत होतं ते त्यांच्या हातून उरलेलं. यावर उपाय त्यांच्याच बोलण्यातून निघाला. अष्टमीच्या भांगाला पाणी फार उतरत नाही, खालची रेव उघडत नाही, म्हणून ते तीन-चार दिवस कुणी येत नाही. भांग संपून रेव पुन्हा उघडू लागते त्या पहिल्या दिवसांत गेलं तर उचल अजून थोडीच झालेली असते. म्हणून दिवस ठरले शुद्ध त्रयोदशी आणि चतुर्दशी, आश्विनापासून फाल्गुनापर्यंत सहा महिने. पाऊणपटीने त्रयोदशीची सुकती पावणेचारला आणि चतुर्दशीची साडेचारला येते, दोन्ही उजेडातल्या. एखादी हुकली तर त्याच महिन्यातली वद्य त्रयोदशी राखीव.

तिला लगेच सुचलं, उधाणाच्या आधी आणि नंतर मोजलं तर किती काढल्या ते कळेल की! कल्पना चांगली, पण गणित आड येतं. दोन्ही सरासरींत 30-30 टक्के चूक असेल तर फरकातली चूक साधारण 42 टक्के होते. रेवेवरच्या चाळीस टक्के तिसऱ्या एका उधाणात गेल्या नाहीत, तर आमच्या मोजणीला ते दिसणारच नाही. त्यापेक्षा पाट्या मोजाव्यात. प्रश्नावलीत ‘रोज किती किलो काढता?’ असा प्रश्न होता. बाजारात तिसऱ्या वाट्यावर जातात. किलोचा आकडा त्या बायका कुठून सांगणार? विचारलं तर मान राखायला काहीतरी आकडा सांगतील, आणि तो आपण तक्त्यात भरू. ‘आज किती पाट्या भरल्या?’ असं विचारायचं आणि त्यांच्या परवानगीने तीन-चार पाट्या ताणकाट्यावर वजन करायच्या. त्याच पाटीतल्या पन्नास तिसऱ्यांची लांबी घ्यायची, म्हणजे त्या कोणत्या आकाराच्या उचलतात आणि रेवेत कोणत्या उरतात हे शेजारी शेजारी मांडता येतं. एवढं जरी नीट झालं तरी उपयोगाचं आहे. केरळातल्या अष्टमुडी तलावातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला 2014 मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं टिकाऊपणाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद असते. असे नियम ठरवायला कोणत्या महिन्यात कोणत्या आकाराच्या किती, हेच आधी माहीत असावं लागतं.

जडधातू चहाच्या टपरीवर संपले. ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, बाहेरच्या प्रयोगशाळेचे दर तिने विचारलेले नव्हते, आणि मुख्य म्हणजे तिच्या एकाही प्रश्नाला त्यांची गरज नव्हती. आराखडा वजनदार दिसावा म्हणून घातले होते, हे तिने स्वतःच कबूल केलं.

राहिली ‘घट’. दुपारी विभागात बसून जुने लेख काढले. आधी प्रजातीचं नाव नीट करावं लागलं. तिसऱ्या, मुळे, शिवल्या ही नावं गावागणिक बदलतात, तेव्हा शिंपला हातात घेऊन ओळख पटवायची, फोटो काढायचा आणि दोन-तीन शिंपले खूणचिठ्ठीसह विभागात ठेवायचे. शास्त्रीय नावांचीही तीच गत. जुन्या लेखांत कॅटेलिसिया ओपिमा असते तिला नंतरच्या लेखांत मार्सिया ओपिमा म्हटलंय. एकाच नावाने शोधलं तर निम्मं हाती लागत नाही. भाट्यातल्या शिंपल्यांवर काम झालेलं आहे, पण आम्हाला मिळालेले लेख बहुतेक प्रयोगशाळेत ठेवलेल्या प्राण्यांवरचे होते. दर चौरस मीटरला किती, हा आकडा त्यांत नव्हता. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातले जुने प्रबंध बघायचे तिने वहीत टिपून घेतलं. तोवर, मागचा आकडा नसताना घट कशातून काढणार? बायका सांगतात ती आठवण महत्त्वाची आहे, पण ती आठवण म्हणूनच नोंदवायची.

संध्याकाळी शीर्षक उरलं ते असं: ‘भाट्ये खाडीतील एका रेवेवरील तिसऱ्यांची घनता, आकारमान आणि उचल : ऑक्टोबर ते मार्च’. उद्दिष्टं तीन. सामानाच्या यादीतून फॉर्मॅलिन गेलं, कारण तिसऱ्या मोजून, मापून परत रेवेत सोडायच्या ठरल्या. बोरॅक्स न घातलेल्या फॉर्मॅलिनने शिंपल्यांची कड झिजते ती निराळीच. शिंपल्यांची लांबी मोजायचा डिजिटल व्हर्नियर गेला, खारं पाणी आत शिरलं की आकडा उड्या मारतो. साधा स्टीलचा आला. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर विभागात आहे, फक्त दर वेळी शून्य लावायला ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याची बाटली बरोबर हवी. ग्रामपंचायतीला द्यायच्या पत्राचा मसुदाही जोडला.

निघताना तिने विचारलं, ‘तीनच उद्दिष्टं, मॅडम? समितीला कमी वाटतील.’ मी तिला दहा आकड्यांचा तो तक्ता परिशिष्टात लावायला सांगितला आणि दहा दिवसांनी येणाऱ्या त्रयोदशीसाठी दुसरी बादली आणायला सांगितली. एक बादली चाळणीवर अडकली की दुसरा माणूस नुसता उभा राहतो.