पंधरा टाइल्सचं टेबल

एप्रिलचा दुसरा आठवडा. सकाळी साडेसातला फोन आला. "ताई, तुम्ही दिलेल्या टेबलातून रात्री आवाज आला. मला वाटलं मांजरानं ताट पाडलं. आत्ता बघते तर मधल्या दोन टाइल्स उठल्यात."

उठल्यात म्हणजे काय, ते लातुरातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्यावर कळलं. टेबलाच्या मधोमध शेजारी-शेजारी असलेल्या दोन टाइल्स एकमेकींना टेकून वर आल्या होत्या, पत्त्यांचा बंगला करताना पहिले दोन पत्ते उभे करतात तशा. सांध्यातल्या ग्राउटचा भुगा होऊन पडला होता. एक टाइल कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चिरली होती. बाकीच्या सोळा जागेवर होत्या, पण रुपयाचं नाणं घेऊन एकेकीवर वाजवलं तेव्हा काही 'टण' बोलल्या आणि काही 'ढब'. ढब म्हणजे खाली पोकळ. सात टाइल्स ढब बोलल्या.

आजी ओट्याजवळ स्टुलावर बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाई, भूकंपात यातली एक बी पडली नव्हती."

त्या टाइल्स त्यांच्या औशाच्या घरातल्या. ओट्यामागच्या भिंतीला लावलेल्या, सहा इंची, पांढऱ्या, कडेला तपकिरी फुलांची वेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी औसा तालुक्यातलंच. आजींच्या घराची पडवी खाली आली, स्वयंपाकघराची भिंत मात्र उभी राहिली. मागच्या वर्षी ते घर पाडलं तेव्हा लेकीनं मिस्त्रीला सांगून टाइल्स सोडवून घेतल्या. बऱ्याच फुटल्या. धड निघाल्या त्या अठरा. आईला औशाचं काहीतरी डोळ्यासमोर राहावं म्हणून त्या अठरा टाइल्स बसवलेलं स्वयंपाकघराचं टेबल करून द्या, असं त्या मला म्हणाल्या. सुतारकामातली ती माझी पहिली ऑर्डर होती.

मी वाळूजला एका कारखान्यात सात वर्षं क्वालिटीत होते. माझं काम मापं घेणं. नंतर लातूरला परत आले आणि औसा रोडवर एका मामांच्या शेडमध्ये शिकायला लागले. मामांचे वडील बैलगाड्या करायचे. मामा स्वतः सागवानाचे दरवाजे, चौकटी करतात. मी आणलेलं पाइन बघून ते म्हणाले होते, "हे पेटीचं लाकूड हाय." बरोबरच होतं. परदेशातून यंत्रं ज्या खोक्यांत येतात त्यांच्याच फळ्या भंगारवाल्याकडून आणल्या होत्या. सागाच्या मानानं खूप स्वस्त, रंधा मारला की आतून मधासारखा रंग, गाठी सुरेख. मला ते लाकूड मनापासून आवडतं, आजही.

त्या फळ्यांवर शिक्का असतो. गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाची दोन अक्षरं, एक नंबर आणि शेवटी 'एचटी' किंवा 'एमबी'. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा तो शिक्का. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते स्वयंपाकघरासाठी मी घेतलं नाही, कोणी घेऊही नये. 'एचटी' म्हणजे उष्णता दिलेलं. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं. कारखान्यात हा नियम मला पाठ होता. आणि तिथंच मी फसले. उष्णता दिलेलं म्हणजे वाळलेलं, असं मी धरून चालले. अर्ध्या तासात किडे मरतात. आतलं पाणी जायला किती दिवस लागतात, याबद्दल तो शिक्का काहीच सांगत नाही.

त्यात मी टेबल केलं ऑगस्टमध्ये. शेडचं दार फुगून लागत नव्हतं, आणि मी रोज खांद्यानं ढकलून ते लावत होते. पाइनच्या फळ्या कडेला कड जोडून त्यांचा एक तक्ता केला, चारही बाजूंनी चौकटीत फेव्हिकॉलनं पक्का केला, आणि त्यावर थेट टाइल्स चिकटवल्या. मध्ये तीन मिलिमीटरचे सांधे, कडक ग्राउट. फेब्रुवारीत आजींच्या लेकीनं एका कडेला केसाएवढी फट दाखवली होती. मी तिच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून आले. कारखान्यात एखाद्या भागावर अशी चीर दिसली असती तर मी तो भाग बाजूला काढून कारण शोधलं असतं. इथं मी चीर बुजवली. माझी खरी चूक हीच, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

टेबल टेम्पोत घालून शेडवर आणलं तेव्हा दहा वाजले होते. मामांनी खाली वाकून तक्त्याच्या पोटावरून हात फिरवला. मी वही काढली. ऑगस्टात लिहिलं होतं: तक्त्याची रुंदी ४६२. आता मोजली तर ४५६. सहा मिलिमीटर लाकूड आटलं होतं. आडवं आटलं होतं, लांबीत जवळजवळ काहीच फरक नव्हता. लाकूड रेषांच्या दिशेनं फारसं हलत नाही, रेषांच्या आडवं हलतं. टाइल मात्र कुठल्याच दिशेनं हलत नाही. खालची जमीन सहा मिलिमीटर आकसली आणि वरच्या प्रत्येक आडव्या ओळीतल्या तीन टाइल्स एकमेकींना रेटत राहिल्या. शेवटी त्यातल्या दोघींना वर जाण्याशिवाय जागा उरली नाही.

"पावसाळ्यात दार का फुगतंय, तुला ठाव हाय," मामा म्हणाले. "मग हे काय येगळं हाय?"

मला उत्तर नव्हतं. दार तर मी रोज ढकलत होते.

टाइल्स सोडवायला बसले. हॅक्सॉच्या पात्यानं सांध्यांतलं ग्राउट खरवडून काढलं, मग लांबी भरायची पत्री कडेनं सरकवून हळूहळू ठोकत गेले. ढब बोलणाऱ्या सातही टाइल्स पाच-पाच मिनिटांत निघाल्या. टण बोलणाऱ्या हलेनात. त्यातल्या दुसरीला मी जरा जोर लावला आणि ती मधून तुटली. तुटताना आवाज अगदी बारीक आला, बांगडी फुटल्यासारखा. वेलीचं फूल दोन तुकड्यांत झालं.

मामांनी माझ्या हातातून पत्री काढून घेतली. "पाणी पी," म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. विडी ओढून झाल्यावर त्यांनी कोपऱ्यातलं गोणपाट बादलीत बुडवलं.

"उन्हाळ्यात गाडीच्या चाकाची लोखंडी धाव ढिली पडायची. लाकूड वाळतंय, लोखंड हाय तेवढंच ऱ्हातंय. मग बाप काय करायचा? धाव ठोकत बसायचा न्हाई. गाडी वढ्यात न्हेऊन उभी करायचा, रातभर. सकाळी धाव अशी बसायची, की हातोड्यानं निघंना."

त्यांनी टेबल उलटं केलं, खाली पोती अंथरून, टाइल्स त्यावर. तक्त्याच्या उघड्या पोटावर ओलं गोणपाट पसरलं आणि तांब्यातांब्यानं पाणी सोडत राहिले. मला त्यांचं म्हणणं एकदम कळलं नाही. लाकूड वाचवायचं की टाइल्स, असा प्रश्न होता, आणि त्यांनी लाकूड सोडून दिलं होतं. पाइन पाणी प्यायलं. एक वाजता तक्ता कडेनं किंचित वाकलेला दिसला. तीन वाजता मी कान लावला तर आत बारीक कटकट ऐकू येत होती, तव्यावर तीळ उडतात तशी. चिकटवलेला थर लाकडापासून सुटत होता. लाकूड आता उलट्या दिशेनं चाललं होतं, आणि टाइल्स अजून होत्या तिथंच होत्या.

चार वाजता टेबल सुलटं केलं. पत्री नुसती सरकवली आणि टाइल हातात आली. मागं पाइनचे चार तंतू चिकटलेले. मग दुसरी, तिसरी. उरलेल्या एकूण एक धड निघाल्या. मी त्या पोत्यावर ओळीनं मांडून मोजल्या. सोळा.

संध्याकाळी आजींकडे गेले. फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. सोळा राहिल्या, दोन गेल्या, त्यातली एक माझ्या हातून गेली, असं सरळ सांगितलं. पैसे परत करते, किंवा दोन नवीन पांढऱ्या टाइल्स घालून अठरा पुऱ्या करते, असंही म्हणाले. लेकीनं आईकडे पाहिलं.

"नवी नको," आजी म्हणाल्या. "टेबल ल्हान कर."

मग पाच गुणिले तीन, पंधरा. टेबल सहा इंचांनी आखूड झालं. या वेळी टाइल्सखाली अठरा मिलिमीटरचं पाणी न खाणारं प्लायवूड घेतलं. त्यात पातळ थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते कुठल्याच दिशेला फारसं हलत नाही. त्यावर लवचीक टाइल अॅडहेसिव्ह. पाइनची चौकट बाहेरून फिरते, पण ती प्लायवूडला फेव्हिकॉलनं चिकटवलेली नाही. स्क्रूसाठी भोकं लांबट केली, म्हणजे चौकट आत-बाहेर सरकली तरी स्क्रू तिला अडवत नाही. टाइल्स आणि चौकट यांच्यात सगळीकडून चार मिलिमीटरची फट ठेवली आणि तिच्यात ग्राउटऐवजी सिलिकॉन भरलं. चौकटीच्या कोपऱ्यांना पंचेचाळीस अंशांचा सांधा मला फार आवडायचा. मामांनी तो नको म्हटलं, कारण पट्टी रुंदीत आटली की तो आतल्या कोपऱ्याशी उघडतो. म्हणून साधी कूस, म्हणजे दुसऱ्या पट्टीच्या खाचेत बसणारी जीभ, काढून काटकोनात जोडलं. फळ्यांतलं पाणी मोजायचं यंत्र विकत घेतलं. एप्रिलमध्ये त्याच लाकडाच्या कोरड्या तुकड्यात सात टक्के निघालं. ऑगस्टात किती असेल ते मी तेव्हा मोजलंच नव्हतं.

मेच्या शेवटी टेबल परत नेलं. आजींनी टाइल्सवरून बोट फिरवत नेलं आणि खालच्या ओळीतल्या एकीवर थांबल्या. तिच्या कडेचा टवका उडालेला होता. "हितं नळ होता," म्हणाल्या. "कळशी लागायची." मला तो टवका भरून काढायचा होता. बरं झालं भरला नाही.

ऑगस्टात पाऊस लागल्यावर मी न बोलावता गेले, व्हर्नियर घेऊन. फट मेमध्ये ४.० होती, आता ३.४. सिलिकॉन दबलेलं, ग्राउटला एकही चीर नाही. नाणं घेऊन पंधराच्या पंधरा वाजवल्या, सगळ्या टण बोलल्या. आजी स्टुलावर बसून ऐकत होत्या. सोळावी टाइल ओट्यावर होती आणि तिच्यावर दुधाचं गरम पातेलं ठेवलेलं होतं.

वहीत तारीख घालून ३.४ लिहिलं. खाली एप्रिलसाठी एक ओळ मोकळी ठेवली.