रोल केज: आधी पाय, मग कमान

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतली माणसं वाचावीत म्हणून बसवलेला पाईपांचा सांगाडा, करायचा ठरला की बहुतेक जण डोक्यावरच्या पाईपपासून सुरुवात करतात. सुरुवात खालून करायला हवी. गाडी उलटली की छतावर आलेला भार पाईपमधून खाली उतरतो आणि कुठेतरी टेकतो. ती जागा म्हणजे नुसता फ्लोअरचा जेमतेम मिलिमीटरभर पत्रा असेल, तर वरचा सांगाडा कितीही दणकट असो, केजचे पाय पत्रा फाडून खाली घुसतात आणि छत तेवढंच खाली येतं.

लॅडर चॅसिसच्या, म्हणजे खाली शिडीसारखा वेगळा सांगाडा असलेल्या गाडीत आणखी एक गुंता असतो. बॉडी चॅसिसवर थेट बसलेली नसते, मध्ये रबरी माउंट असतात. म्हणून सगळे पाय बॉडीवर घ्यायचे की सगळे चॅसिसवर, हे पहिल्याच दिवशी ठरवा. निम्मे इकडे, निम्मे तिकडे केलं तर खडकाळ वाटेवर चॅसिस पिळतो, बॉडी रबरावर हलते आणि दोघांना केज ताठ धरून ठेवतो. मग वेल्डशेजारचा पत्रा तडकायला लागतो. पाय बॉडीवर घेणार असाल तर ते शक्य तितके बॉडी माउंटच्या वर आणा. चॅसिसवर घेणार असाल तर फ्लोअरमधलं भोक पाईपपेक्षा सगळीकडून ऐसपैस ठेवा, त्यावर रबरी बूट चढवा, आणि सीट व बेल्टही केजलाच बांधा. सीट बॉडीवर आणि बेल्ट केजवर असेल तर दणक्यात दोन्ही वेगवेगळे सरकतात आणि मधला माणूस आवळला जातो.

बॉडीवरच्या पायांसाठी एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांतले (अपेंडिक्स जे, कलम २५३) आकडे चांगला पाया आहेत: किमान ३ मिमी जाड आणि १२० चौ. सेंमी क्षेत्रफळाची प्लेट, प्रत्येक पायाला किमान तीन एम८ (८ मिमी) बोल्ट, ८.८ या ताकदीच्या ग्रेडचे. प्लेट सपाट ठेवण्यापेक्षा दाराच्या उंबऱ्यापर्यंत वर वळवून घेतली तर भार दोन पातळ्यांत वाटला जातो. प्लेटचे कोपरे गोल करा. टोकदार कोपऱ्यापासूनच पत्रा फाटायला लागतो.

आता पाईप. याच नियमात मेन हूपसाठी, म्हणजे सीटमागच्या मुख्य कमानीसाठी, ४५ × २.५ (बाहेरचा व्यास × जाडी) किंवा ५० × २.० मिमी आणि बाकीच्या भागांसाठी ३८ × २.५ किंवा ४० × २.० मिमी कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेलं, बिनजोड) कार्बन स्टील सांगितलं आहे. जाडी वाढवली की ताकद वाढते असं समजून बरेच जण ३८ × ३ घेतात. हिशोब करून बघा. ३८ × ३ चं वजन मीटरला सुमारे २.५९ किलो आणि ४५ × २.५ चं २.६२, म्हणजे जवळजवळ सारखंच. पण वाकण्याला विरोध ४५ च्या पाईपमध्ये दीडपट. जागा असेल तर व्यास वाढवा, जाडी नंतर. पाण्याचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाईप मात्र दारातही आणू नका. तो अशा कामासाठी बनवलेलाच नसतो, वेल्ड करताना जस्ताचा विषारी धूर होतो आणि वेल्डमध्ये छिद्रं पडतात.

वजनाचंही भान ठेवा. २५ मीटर पाईप म्हणजे साठ-पासष्ट किलो, आणि त्यातलं बरंचसं वर. गुरुत्वमध्य वर सरकला की गाडी कलंडायला आणखी सोपी. म्हणून शोभेचे पाईप नकोत. पाईप कापायच्या आधी प्रत्येकाला विचारा, भार कुठून घेतोस आणि कुठे देतोस?

आराखड्याचं मर्म त्रिकोणात आहे. चौकोन तिरका दाबला की समांतरभुज होतो, त्रिकोण होत नाही. ऑफ-रोडमध्ये गाडी बहुधा संथपणे कुशीवर जाते आणि पहिला मार काचेच्या वरच्या कोपऱ्याला बसतो. मेन हूपमध्ये एक कर्ण, छतात एक्स, आणि मागचे आधार सरळ, उभ्या रेषेशी किमान ३० अंशांत. मेन हूप एकसंध पाईपचा. आधाराचा पाईप मध्येच वाकवला की तो दाबाखाली त्याच वाकात दुमडतो. सांधे शक्यतो एका बिंदूत यावेत. कर्ण सांध्यापासून वीतभर दूर उतरला तर तो मधल्या पाईपला वाकवायला मदतच करतो.

वाकाची त्रिज्या, मध्यरेषेवर मोजून, व्यासाच्या तिप्पट तरी हवी: ४५ ला १३५ मिमी. पाईपच्या व्यासाची डाय (साचा) असलेला बेंडर वापरा. नुसत्या हायड्रॉलिक प्रेसने पाईप चेपतो. वाकात लहान व्यास मोठ्याच्या ०.९ पटीपेक्षा कमी भरला तर तुकडा भंगारात. लांबीचं गणित असं: ९० अंशांच्या वाकात कमानीची लांबी २१२ मिमी, आणि कोपऱ्यापर्यंत मोजलेल्या दोन्ही बाजूंतून १३५-१३५ वजा. बाजू १००० आणि १२०० असतील तर पाईप २१४२ मिमी. स्प्रिंगबॅक, म्हणजे वाकवून सोडल्यावर पाईप थोडा परत उघडणं, प्रत्येक लॉटला वेगळा निघतो, म्हणून आधी त्याच लॉटमधला तुकडा वाकवून बघा.

नॉच, म्हणजे दुसऱ्या पाईपवर नीट बसणारी टोकाची खाच, होल सॉने (गोल करवतीने) करा आणि फट १ मिमीच्या आत ठेवा. फट वेल्डने भरली की सांधा आकसतो आणि हूप ओढला जातो. आधी सगळा केज टॅकवर (वेल्डच्या छोट्या ठिपक्यांवर) उभा करा, कर्ण मोजा, दारं बसतात का बघा, मग समोरासमोरचे सांधे आलटून-पालटून वेल्ड करा. छताला टेकलेल्या सांध्यामागे वेल्डिंगचा टॉर्च पोचत नाही. त्यासाठी पाय छोट्या पेट्यांवर उभे करतात: टॅक झाल्यावर पेट्या काढून केज खाली उतरवायचा, वरचे सांधे पूर्ण ३६० अंश वेल्ड करायचे आणि मग वर उचलून पेट्या परत बसवायच्या. दोन्ही टोकं बंद होणाऱ्या पाईपला सांध्याच्या आत लपणारं ३ मिमी भोक ठेवा, नाहीतर आत तापलेली हवा शेवटच्या टाक्यातून फुंकर मारून बाहेर येते. वेल्ड घासून गुळगुळीत करू नका. दिसायला छान, पण तेवढीच ताकद जाते. आणि हो, वेल्डिंगआधी बॅटरी काढून ठेवा, ईसीयूचा (इंजिनच्या कंप्युटरचा) कनेक्टरही.

हेल्मेट घालून बसल्यावर पाईपपर्यंत ७५ मिमी तरी मोकळी जागा हवी. डोकं, कोपर, गुडघा पोचेल तिथे घट्ट पॅडिंग. एसीच्या पाईपवर गुंडाळतात तो मऊ फोम दणक्यात चपटा होतो, त्याचा उपयोग नाही. हीच गाडी हेल्मेटशिवाय रस्त्यावर रोज चालणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पुढचा केज बसवू नका, मागचा हूप पुरे. बाजूच्या पडदा-एअरबॅगच्या वाटेत पाईप आला तर ती नीट उघडत नाही, हे वेगळंच.

पहिल्या खडतर फेरीनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा आणि पायाच्या प्लेटभोवतीचा रंग बघा. कडेने केसासारखी चीर दिसली तर पत्रा हलतोय. रंगाचा आणखी एक हात मारून ते झाकू नका. प्लेट मोठी करा किंवा पायाची जागा बदला.