मास्टर म्हणाले, हिरवा मारतोय

डाईंगमध्ये, म्हणजे कापड रंगवण्यात, करड्याइतका छळणारा रंग दुसरा नाही. गडद लाल जरा इकडेतिकडे झाला तर खपून जातो. करड्यात पुसटशी झाक आली की ताग्यांसकट परत.

त्या दिवशीचा लॅब डिप, म्हणजे बॅचआधी रंगवून बघायचा छोटा तुकडा, स्पेक्ट्रोवर, म्हणजे रंग मोजायच्या यंत्रावर, पास झाला. डेल्टा ई, म्हणजे नमुन्यापासूनचा रंगफरक, ०.४, आमची मर्यादा १. आमच्या डाईंग मास्टरांनी तो लाइट बॉक्समध्ये, ठराविक दिव्यांच्या पेटीत, ग्राहकाच्या नमुन्याला लावून धरला आणि म्हणाले, "हिरवा मारतोय." मला दिसेना. हाताखालच्या मुलीला उलट लालसर वाटला. दिवा तोच, दिवसाच्या उजेडासारखा डी६५. मास्टर साठीच्या पुढचे, म्हणून मी सगळ्यांदेखत बोलून गेलो, "मास्टर, एकदा डोळे तपासून घ्या." ते मुकाट्याने गेले आणि रंगांधळेपणा तपासायच्या ईशिहाराच्या पाट्या बिनचूक वाचून आले. तोवर मी बॅच सोडली होती. ती परत आली. शेरा : हिरवट.

मग आधीच करायचं ते केलं, नमुन्याचा आणि आमचा वक्र उघडला, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा उजेड कापड किती परतवतं त्याचा आलेख. ४०० ते ७०० नॅनोमीटर, दर १० वर एक असे ३१ बिंदू. दोन्ही वक्र एकमेकांना चार ठिकाणी कापत होते. नमुन्यातला एक डाय आमच्याकडे नव्हता, म्हणून सॉफ्टवेअरने तीन डायचं भलतंच त्रिकूट जुळवून आकडा तेवढा गोड करून दिला होता. मेटॅमेरिझम, म्हणजे एका उजेडात जुळलेले रंग दुसऱ्यात वेगळे दिसणं, आम्हाला नवा नाही. दुकानातल्यासारखी टीएल८४ ट्यूब लावून बघतो, पिवळ्या दिव्यात बघतो. पण दिवा बदलतो, डोळा कोण बदलतो? यंत्र ज्या नजरेने हिशेब करतं तो 'प्रमाण निरीक्षक' १९६४ साली ठरला, मुख्यतः ४९ जणांच्या मोजमापांवरून. ती सरासरी आहे, तशी नजर असलेला माणूस कुठे बसलेला नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळ्या टोकाचा उजेड आत कमी पोचतो. आमचा वक्र नेमका निळ्यात, ४४० नॅनोमीटरच्या आसपास, नमुन्याच्या वर होता. तो जादा निळा माझ्या डोळ्यांत हिशेब जुळवत होता, मास्टरांच्या डोळ्यांत पुरता पोचत नव्हता. मुलीच्या लालसरचं कोडं मात्र मला पुरतं सुटलेलं नाही. निरोगी डोळ्यांतसुद्धा लाल बाजूच्या शंकूपेशी सगळ्यांच्या सारख्या नसतात, एवढं ठाऊक आहे.

ऑडिटवाल्यांना हे सांगून उपयोग नसतो, त्यांना आकडा हवा.

तो डाय मागवला, वक्रावर वक्र बसवला. डेल्टा ई ०.६, म्हणजे कागदावर पहिल्यापेक्षा वाईट. मास्टरांनी तुकडा बॉक्समध्ये धरला, उलटा करून पुन्हा धरला, "हां, सोडा" म्हणाले. डोळ्यांच्या तपासणीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.