साती आसरा, सात हजार झाडं

जेवून पंख्याखाली आडवा झालो होतो. मोबाइलवर जर्मनीतल्या कासेल शहराचा फोटो आला. रस्त्याकडेला ओकचं झाड आणि बुंध्याशी उभा रोवलेला काळा दगड. मनात आलं, शेंदूर लावायचा राहिला की काय! योसेफ बॉइस या कलावंतानं १९८२ मध्ये हे काम काढलं. सात हजार झाडं, प्रत्येकाशेजारी बेसॉल्टचा एक दगड. तो १९८६ मध्ये वारला, शेवटचं झाड लागलं १९८७ मध्ये.

आमच्या अमळनेरकडच्या मळ्यात, विहिरीच्या थारोळ्याशी, असे सात दगड होते. साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता. शेंदराचे थर चढून चढून त्यांना आकारच उरला नव्हता. नखानं खरवडलं की पापुद्रा सुटायचा, खाली आदल्या सालचा फिकट शेंदूर दिसायचा. आजी लांबून ओरडायची, "हात नको लाऊ रे, त्या निजेल शेतस!" विहिरीत थुंकायचं नाही, टळटळीत बाराला वाकून बघायचं नाही, मोटर जळली तर मेकॅनिकच्या आधी नारळ.

या सगळ्याला ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ मध्ये अ‍ॅनिमिझम, म्हणजे दगड-झाडा-पाण्यातही आत्मा मानणं, म्हणून धर्माच्या अगदी खालच्या पायरीवर बसवलं. २०१२ मध्ये बर्लिनला त्याच नावाचं कलाप्रदर्शन भरलं. २०१७ मध्ये न्यूझीलंडनं वांगानुई नदीला कायद्यानं व्यक्ती मानलं. त्याच वर्षी उत्तराखंड हायकोर्टानं गंगा-यमुनेलाही मानलं. पण पूर आला तर भरपाई कुणाकडून, असं विचारत राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि स्थगिती आली. आजीला हा प्रश्न पडलाच नसता. आसरा कोपल्या की दहीभात आणि लिंबू, विषय संपला.

मात्र आपले पूर्वज निसर्गाला देव मानायचे म्हणून निसर्ग टिकला, हे भाषण ऐकलं की माझं डोकं उठतं. आमच्या घरात आसरांना कुणी कधी उपाशी ठेवलं नाही, आणि कपाशीला पाणी देतानाही कुणी हात आखडला नाही. नैवेद्य दाखवायचा आणि त्याच हातानं मोटर चालू करायची. विहिरीत आता ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी पडली आहेत. बोअरच्या गाडीपुढेही नारळ फोडला होता, नुसता फुफाटा निघाला. दुसऱ्या बोअरला लागलं थोडं.

भाऊ म्हणतो, आसरा उचलून तिकडे मांडून घेऊ. साडेसहा इंचांच्या भोकाशी सात जणी बसणार कशा, ते त्याचं त्यानं बघावं.