आमची वाटचाल : आगळ, मीठ आणि गोझ

पुण्यात आमची छोटी ब्रुअरी सुरू झाली तेव्हा चार नळांवर चार बिअर होत्या, त्यातली एकही आंबट नव्हती. पाचव्या नळावर काय आणायचं, यावर माझे आणि नवऱ्याचे रोज वाद व्हायचे. मग जर्मनीत लाइपझिगला गेले असताना उंच, सरळ ग्लासातून पहिल्यांदा गोझ ही तिकडची आंबट बिअर प्यायले. आंबट, किंचित खारट, मागून धण्याचा वास. पहिल्याच घोटाला लिंबू सरबत आठवलं. तिथे काहीजण त्यात रासबेरीचं सिरप घालून घेतात. मला मात्र कोकम दिसायला लागलं.

ही बिअर मुळात गोस्लार गावची, नाव तिथल्या गोझ नदीवरून. पुढे ती लाइपझिगची झाली, १९६६ मध्ये तिथून नाहीशी झाली आणि १९८६ मध्ये 'ओने बेडेंकन' हा तिथला गोझचा जुना पब पुन्हा उघडल्यावर परतली.

करायची पद्धत तशी सोपी, पण घाई अजिबात चालत नाही. निम्मा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गव्हाचा. काढलेला गोड रस ४० अंशांच्या आसपास आणायचा आणि विरजण लावतो तसं त्यात लॅक्टोबॅसिलस, म्हणजे आंबवणारे जिवाणू, सोडायचे. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, आधी घातले तर जिवाणू दबतात, म्हणून ते नंतर, तेही नावापुरते. सामू (pH) ३.४ पर्यंत उतरला की रस पुन्हा उकळायचा, धणे आणि मीठ घालायचं, गार करून यीस्ट टाकायचं.

पहिल्या खेपेला मी लिटरला १ ग्रॅम मीठ घातलं आणि शेवटी कुडाळहून आणलेलं आगळ, म्हणजे कोकमाचा रस, ओतलं. पाचशे लिटर बिअर समुद्राच्या पाण्यासारखी खारट झाली. सासूबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "आगळात मीठ असताच गो!" रातांब्याचा रस टिकावा म्हणून त्यात भरपूर मीठ घालतात, हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि ऐन वेळी विसरले. ती सगळी टाकी ओतून दिली. त्या रात्री मी फार रडले.

आता आम्ही वेगळं मीठ घालतच नाही. खारटपणा सगळा आगळाचा, आणि आंबूस रसात कोकमाचा लाल रंगही छान खुलतो. कैरी उकडून, पन्ह्यासाठी करतो तसा गर काढून घालतो. तीही लोकांना आवडते. हापूस मात्र जमला नाही. यीस्ट त्यातली साखर खाऊन टाकतं आणि उरतो तो सालीचा उग्र वास. साखरेशिवाय हापूस हापूस राहत नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय. जांभूळ चांगलं लागतं, त्याचा तुरटपणा मिठाला धरून राहतो.

चाखायला येणाऱ्यांना मी आधी ग्लास दोन मिनिटं हातात धरायला सांगते, कारण फार गार असली तर नुसता आंबटपणा कळतो. पहिल्या घोटाला जबड्याच्या कडा आवळतात. दुसऱ्याला मीठ येतं, जिभेच्या कडेने, आणि त्याच्या मागोमाग फळ. मीठ वेगळं जाणवलं तर ते जास्त झालं. सोबत तळलेले बोंबील असावेत.

मागच्या महिन्यात सासूबाई ब्रुअरीत आल्या. बिअर त्या पीत नाहीत. ग्लास उजेडात धरून रंग बघितला, वास घेतला आणि म्हणाल्या, यंदा आणखी दोन कॅन पाठवते.