डिफमध्ये न दिसणाऱ्या ओळी

सीप्झमधल्या आमच्या टीममध्ये लिनक्स ड्रायव्हरच्या (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडच्या) छोट्या क्लीनअप पॅचेसचा, म्हणजे कोड साफ करणाऱ्या बदलांचा, रिव्ह्यू माझ्याकडे असतो. स्पेस, टॅब, ओळींची लांबी हे सगळं चेकपॅच स्क्रिप्ट बघते. माझं काम वेगळं असतं. कोड सुटसुटीत झाला, पण ड्रायव्हरचं वागणं तेच राहिलं का?

काही पॅच झटकन होतात. मेमरी सोडणाऱ्या केफ्री फंक्शनच्या आधीचा नल-चेक, म्हणजे पॉइंटर रिकामा आहे का ही तपासणी, काढला तर चालतं, कारण केफ्री नल स्वतःच सांभाळते. २०२४ मध्ये कर्नलमधून स्ट्रएलकॉपी हे स्ट्रिंग कॉपी करणारं फंक्शन गेलं; त्याआधी तिच्या जागी स्ट्रस्कॉपी आली की मात्र रिटर्न व्हॅल्यू कुठे वापरलीय ते शोधावंच लागायचं. पहिली मूळ स्ट्रिंगची लांबी देते, दुसरी जागा अपुरी पडली की निगेटिव्ह एरर.

एका ज्युनिअरने इंटरप्ट (आयआरक्यू) मागणारं रिक्वेस्ट आयआरक्यू बदलून त्याचं डेव्हएम रूप, म्हणजे घेतलेली गोष्ट आपोआप सोडणारं रूप, वापरलं आणि रिमूव्हमधली, म्हणजे ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमधली, फ्री आयआरक्यूची ओळ काढली. डिफ, म्हणजे फक्त बदललेल्या ओळी, अगदी देखणा होता. मी पूर्ण फाइल उघडली, तर रिमूव्हमध्ये पुढच्याच ओळीला डिव्हाइसला चालवणारं क्लॉक बंद होत होतं.

"दादा, डेव्हएम आपोआप सोडतं ना?"

"सोडतं गं, पण रिमूव्ह संपल्यावर. तोवर क्लॉक गेलेलं असतं आणि इंटरप्ट आल्यावर चालणारा हँडलर जागाच असतो."

आयआरक्यू लाइन शेअर्ड, म्हणजे दोन डिव्हाइसना मिळून एकच, होती. शेजारच्या डिव्हाइसने इंटरप्ट दिला तरी आपला हँडलर स्टेटस रजिस्टर वाचणार, आणि तेही क्लॉक नसताना. नुसतं सांगून पटणारी गोष्ट नव्हती ही. कर्नल कॉन्फिगमध्ये डिबग शेअर्ड आयआरक्यूचा पर्याय चालू केला. शेअर्ड हँडलर काढताना तो मुद्दाम एक खोटा इंटरप्ट देतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली सिरियल केबल बोर्डाला लावली, मॉड्यूल अनलोड केलं आणि कन्सोल जागच्या जागी थिजला. तिने लगेच रिमूव्ह पुन्हा वाचायला घेतलं.

उपाय सरळ होता. क्लॉकही डेव्हएमकडे द्यायचं, आणि प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, आयआरक्यूच्या आधी घ्यायचं. डेव्हएम उलट्या क्रमाने सोडतं, म्हणजे आधी आयआरक्यू जातो, मग क्लॉक. प्रोबमधल्या या क्रमात हँडलर नीट चालतो का, हेही एकदा पाहून घेतलं.

दुसऱ्या आवृत्तीत तिने दोन पॅच केले, पण आयआरक्यूचा पहिला ठेवला. मी तो क्रम बदलायला लावला. नाहीतर मधल्या कमिटवर तोच बिघाड उरला असता आणि पुढे गिट बायसेक्ट करणारा, म्हणजे एकेक कमिट तपासून बिघाड कुठे आला ते शोधणारा, तिथे अडकला असता. तिसऱ्या आवृत्तीवर रिव्ह्यूड-बाय, म्हणजे तपासल्याची सही, दिलं.