दावणीची पहिली जोडी

खिलार जातीच्या गाईंचे छोटे खांड, म्हणजे कळप, उभे करायचे ठरवून आज मी आणि थोरले काका कर्नाटकातल्या चिकोडी भागातल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यावर कालवडी पाहायला गेलो होतो. बाजारात दलाल पाठीवरून हात फिरवून जनावर खपवतो. गोठ्यावर मात्र कालवडीची आई, बहीण आणि खाणेपिणे समोर दिसते, म्हणून काकांनी बाजाराचे नाव काढू दिले नाही.

पांढरीशुभ्र, उंच शिंगांची एक कालवड मला पाहताक्षणी आवडली. काकांनी तिचा ओठ वर करून दोनच कायमचे दात असल्याचे दाखवले, म्हणजे वय साधारण दोन-अडीच वर्षे, आणि मग सहज विचारल्यासारखे विचारले की ही एकटीच जन्मली का. मालक थोडा थांबून म्हणाला, "नाही, बरोबर गोऱ्हा होता." गोऱ्ह्यासोबत जुळी जन्मलेली कालवड बहुतेक वेळा वांझ निघते, त्यामुळे विषय तिथेच संपला. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू!

शेवटी साध्या रूपाच्या दोघी पसंत केल्या: मागचा चौक (पुठ्ठ्यांचा भाग) रुंद, चारही सड सारखे, खूर घट्ट, आणि अनोळखी माणूस जवळ गेला तरी न बुजणाऱ्या. त्यांच्या आया दरवर्षी वेळेवर वितात, हे शेजाऱ्यांनीही सांगितले. सांसर्गिक गर्भपाताच्या तपासणीसाठी पशुवैद्यांकडून रक्ताचे नमुने घेतले असून अहवाल येईपर्यंत फक्त विसार दिला आहे.

भाव मराठीत ठरला, नोटा मात्र मालकाने कन्नडमध्ये मोजल्या.